बाटलीवर ‘थेट ड्रायरमध्ये टाका’ लिहिलंय, तिथेच माझं अडतं

कामाच्या कपड्यांचं तेल काढणाऱ्या या द्रवाची दुसरी बाटली परवा संपली आणि मी तिसरी आणणार आहे. म्हणजे वस्तू चांगली आहे, हे आधीच सांगून टाकते. पण बाटलीच्या मागच्या बाजूला, घड्या घातलेल्या कपड्यांच्या चित्राखाली एक ओळ आहे: ‘एका धुण्यात तेल साफ, थेट ड्रायरमध्ये टाका.’ ती ओळ मी पहिल्याच दिवशी मार्करने खोडली. घरातलं दुसरं कुणी ती वाचून तसं करू नये म्हणून.

मी मशीन मेंटेनन्सला फिटर आहे, चौदा वर्षं झाली. गिअरबॉक्स उघडायचे, हायड्रॉलिकचे सील बदलायचे, पंप खोलून साफ करायचे, हे रोजचं. त्यामुळे माझ्या डांगरीवर गिअर ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, ग्रीस, कधी कुलंट, असं सगळंच असतं. घरात दुसरे तेलकट कपडे दादाचे. तो लाकडी फर्निचरला जवसाच्या तेलाचं पॉलिश करतो. त्याचा एप्रन आणि पुसायची फडकी माझ्या डांगरीशेजारी ठेवली तर स्वच्छच वाटतात. जरा पिवळट डाग, एवढंच. पण आमच्या घरात सगळ्यांत जपून हाताळायची वस्तू असेल तर ती फडकी, हे आम्हाला दोन वर्षांपूर्वी कळलं.

त्या दिवशी मी रात्रपाळी करून आले होते. दादाचा एप्रन आणि आठ-दहा फडकी मशीनमध्ये टाकली, साधी पावडर, थंड पाणी, सगळ्यात छोटा कार्यक्रम. मग तेच उचलून ड्रायरमध्ये. डोळे मिटत होते. ड्रायरची दहा-बारा मिनिटं राहिली होती, हात घालून बघितलं तर कपडे कोरडे, म्हणून मध्येच बंद केला, गरमागरम फडकी टोपलीत कोंबली, वर एप्रन दाबला आणि झोपले. दोनएक तासांनी आईने हलवून उठवलं. “अगं, काहीतरी करपतंय. गॅसवर काही नाही, मी दोनदा बघितलं.”

वास कापड जळल्याचा नव्हता. कढईत जुनं तेल जास्त तापलं की नाकात बसतो तसा होता, आणि तो टोपलीतून येत होता. मी वरचा एप्रन उचलला, तो कोमट. आत हात घातला आणि झटकन मागे घेतला, इतकं मधलं फडकं तापलेलं होतं. टोपली तशीच उचलून बाहेर नेली आणि दोन बादल्या पाणी ओतलं. नंतर उलगडून बघितलं तर मधल्या फडक्यावर बशीएवढं तपकिरी कडं पडलं होतं आणि कड्याच्या आतलं कापड बोटाने चुरलं जात होतं. कुठेही ठिणगी नाही, विस्तव नाही, धुतलेले कपडे. नुसता ढीग. (आणि ढिगात हात घालणं हीही चूकच होती. आत धुमसत असताना ढीग मोकळा केला, की हवा मिळून पेट घेऊ शकतो. असा वास आला तर आधी घरातल्यांना बाहेर काढा, धूर दिसत असेल तर अग्निशमन दलाला बोलवा, ढिगाला हात लावू नका.)

याचं कारण समजून घेतलं तेव्हा माझी झोपच उडाली. जवसाचं तेल ‘वाळतं’ असं आपण म्हणतो, पण ते पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होत जातं, आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. टेबलाच्या पृष्ठभागावर पातळ हात दिला असेल तर ती उष्णता निघून जाते, कुणाला पत्ताही लागत नाही. फडक्यांच्या ढिगात ती अडकते. आतलं तापमान वाढतं, तापमान वाढलं की क्रिया आणखी जोरात, आणि पुढे कापड धुमसू लागतं. सोयाबीन, सूर्यफूल ही तेलंही याच जातीची आहेत, जवसाइतकी जहाल नसली तरी. इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल ही खनिज तेलं आपणहून अशी सहसा तापत नाहीत. पण ती जळतात, आणि ड्रायर म्हणजे शेवटी तापलेली हवा आणि आत साठलेला कापसाचा भुगा.

ड्रायरच्या माहितीपुस्तिकेत हे सगळं लिहिलेलं असतं. आम्ही ती उघडली नव्हती, आपल्याकडे एवढं कोण वाचतं. त्यात साफ म्हटलेलं असतं की खाद्यतेल, पेट्रोल, रॉकेल, टर्पेंटाइन, मेण असलं काही लागलेले कपडे आधी जास्त डिटर्जंट घालून गरम पाण्यात धुवा, आणि कार्यक्रम संपायच्या आत ड्रायर थांबवू नका. थांबवलात तर कपडे लगेच बाहेर काढून पसरा. शेवटची जी मिनिटं मी कापली, त्यात ड्रायर गरम हवा देतच नाही. ती कपडे थंड करायचीच मिनिटं असतात.

एवढं सांगितल्यावर बाटलीकडे वळते.

घटक वाचले तर तीन गोष्टी दिसतात: सर्फॅक्टंट, लायपेज नावाचं एन्झाइम आणि संत्र्याच्या सालीचं तेल. खरं काम सर्फॅक्टंटचं. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि तेलाचे बारीक थेंब पाण्याबरोबर निघून जातात. साबण, भांड्याचं लिक्विड, कपड्याची पावडर, सगळ्यांचं तत्त्व हेच. या बाटलीत ते दाट आहे आणि फेस कमी होईल असं आहे. एन्झाइमचं बाटलीवर मोठ्या अक्षरात कौतुक आहे. लायपेज वनस्पती आणि प्राण्यांच्या चरबीचे तुकडे करतं, दादाच्या एप्रनला त्याचा फायदा होतो. पण गिअर ऑइल हा वेगळाच पदार्थ, हायड्रोकार्बन. लायपेजला तिथे तोडायला काही मिळतच नाही. ‘एन्झाइमच्या शक्तीने इंजिन ऑइल गायब’ असं पुढच्या बाजूला छापलंय, ते चूक आहे. गायब होतं, पण एन्झाइममुळे नव्हे.

संत्र्याच्या सालीचं तेल, म्हणजे लिमोनीन, ग्रीस खरोखर विरघळवतं. किती जोरदार आहे ते मला असं कळलं की मोजायला हाताशी थर्माकोलचा कप होता, त्यात ओतलं, आणि थोड्या वेळाने कपाचा तळ मऊ पडून वाकला. त्यामुळे मशीनच्या दाराच्या रबरावर ते सांडून राहू देऊ नका, आणि हातमोजे घाला. लिमोनीन हवेत जुनं झालं की त्यातून त्वचेला ॲलर्जी आणणारी द्रव्यं तयार होतात, तेव्हा बाटलीचं झाकण घट्ट हवं. शिवाय ते स्वतः पेट घेणारं आहे: शुद्ध लिमोनीनची वाफ साधारण 48 अंशांनाच ठिणगीने पेटू शकते. बाटलीत ते पातळ केलेलं आहे हे मान्य, पण नीट न खळबळलेल्या कपड्यात ते राहतं, आणि तो कपडा ‘थेट ड्रायरमध्ये’ टाकायला ही बाटली सांगते.

पण माझ्या दृष्टीने लिमोनीनची खरी अडचण त्याचा वास आहे. आधी मी डांगरी नाकाला लावायची. तेलाचा वास आला की परत धुवायची. आता सगळ्याला संत्र्याचा वास. तेल उरलंय की गेलंय ते नाक सांगेनासं झालं, आणि छान वास आला की माणूस समजतो, झालं.

डोळाही भरवशाचा नाही. वापरलेल्या इंजिन ऑइलचा काळेपणा काजळीचा असतो. तेल पूर्ण निघालं तरी कापडावर करडी छटा राहते. उलट स्वच्छ हायड्रॉलिक ऑइल जवळजवळ रंगहीन, ओल्या कपड्यात दिसतच नाही आणि वाळल्यावर गडद ठिपक्यासारखं वर येतं.

म्हणून मी थेंबावर आले. कपडा पूर्ण वाळू द्यायचा, डाग होता ती जागा सपाट पसरायची आणि बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवायचा. तेल गेलेल्या सुती कापडात थेंब टेकताक्षणी पसरतो, ओला गोल होतो. तेल असेल तर थेंब मोत्यासारखा वर उभा राहतो, कापड तिरपं केलं की घरंगळतो. (पाणी झटकणारं फिनिश दिलेल्या जॅकेटवर ही परीक्षा चालत नाही, तिथे थेंब उभाच राहणार. तिथे मी डागावर पांढरा कागद ठेवून वरून वजन ठेवते. कागदावर आरपार दिसणारा ठिपका उमटला की तेल आहे.)

या परीक्षेवरच मी बाटली तपासली. एकाच डांगरीचे दोन गुडघे, दोन्हींवर त्याच दिवसाचं, त्याच गिअरबॉक्सचं तेल. डाव्या गुडघ्याला साधं भांड्याचं लिक्विड चोळलं, उजव्याला हे द्रव. पंधरा मिनिटं ठेवलं, दोन्हीकडे सारखा ब्रश मारला, मग एकत्रच 60 अंशांवर धुतलं आणि तारेवर वाळवलं. दिसायला दोन्ही गुडघे सारखेच करडे. डाव्यावरचा थेंब मी मनात वीस मोजेपर्यंत तसाच उभा. उजव्यावरचा मी बोट उचलायच्या आत कापडात. डाव्या गुडघ्याला भांड्याचं लिक्विड आणखी एकदा लावून धुतलं तेव्हा तिथेही थेंब मुरला. म्हणजे या बाटलीचं एक धुणं बरोबर साध्या लिक्विडची दोन धुणी, माझ्या हातचा हिशेब असा. रोज डांगरी धुणाऱ्याला एक धुणं वाचणं फार मोठी गोष्ट आहे, पाणी आणि वेळ दोन्ही.

पॉलिएस्टर मिसळलेल्या जॅकेटवर मात्र निराशा झाली. पॉलिएस्टर पाण्यापेक्षा तेलाला जास्त जवळ करतं. तीन धुण्यांनंतरही कागदावर ठिपका उमटला. आता कामाला मी जाड सुतीच घालते.

वापरायची पद्धत बाटलीवर दोन ओळींत उरकली आहे, म्हणून माझी सांगते. कपडे आणल्याबरोबर खिसे उलटे करून धातूचे कण झटकायचे, नाहीतर ब्रश मारताना तेच हातात घुसतात. ग्रीसचा गोळा आधी बोथट पट्टीने खरवडून काढायचा. चोळलात तर तो आत जातो. मग द्रव कोरड्या कपड्यावर लावायचं. हे महत्त्वाचं. आधी भिजवलं की द्रव पातळ होतं आणि तेलापर्यंत त्याचा जोर पोचत नाही. एका गुडघ्याला अर्धं झाकण पुरतं. पंधरा मिनिटं, वाळू द्यायचं नाही, मग ब्रश. मशीन अर्धंच भरायचं, कपड्याच्या लेबलवर चालत असेल तर 60 अंश, नेहमीची पावडर आणि एक जादा खळबळणी. घरच्या कपड्यांत मिसळायचं नाही, लहान मुलांच्या तर मुळीच नाही. सॉफ्टनर नको: तो स्वतःच मेणचट थर ठेवतो आणि पुढच्या वेळी तेल सुटायला आणखी त्रास. शेवटी मशीन एकदा रिकामं, गरम पाण्यावर फिरवायचं. ब्लीचने तेल निघत नाही, आणि ब्लीच दुसऱ्या कुठल्या क्लीनरमध्ये मिसळणं तर जिवावर बेतू शकतं, ॲसिड किंवा अमोनियाबरोबर त्यातून विषारी वायू निघतो.

माझ्या बरोबरीचा वेल्डर आगरोधक कापडाचा सूट घालतो. त्याने विचारलं, ही बाटली मला चालेल का. मी त्याला सांगितलं, आधी सुटाचं लेबल वाच. त्या कापडाला सॉफ्टनर आणि क्लोरीनचं ब्लीच साधारण वर्ज्यच असतं. आणि तेल तर त्याच्यावर राहताच कामा नये. कापड आग धरणार नाही, पण त्यावरचं तेल धरेल.

दादाच्या एप्रनवर बाटलीचा अनुभव वेगळा आहे. त्याच संध्याकाळी धुतला तर एका धुण्यात थेंब मुरतो. दोन दिवस तसाच राहिला तर जवसाचं तेल कापडात घट्ट होऊन बसतं, वार्निशसारखं, आणि मग ही बाटली, भांड्याचं लिक्विड, कशाचाही उपयोग नाही. पुसायची फडकी तर आम्ही आता धुतच नाही. तो ती पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकतो, वर घट्ट झाकण, आणि डबा घराबाहेर. ते पाणी गटारात ओतत नाही.

दुसरी तक्रार पहिल्याइतकीच गंभीर आहे. ‘या डागांवर चालते’ या यादीत पेट्रोल आणि थिनर आहेत, आणि शेजारी एक शब्दाचाही इशारा नाही. पेट्रोल लागलेला कपडा मशीनमध्ये टाकायचाच नसतो. त्याची वाफ गोठणबिंदूच्या खूप खालच्या तापमानालाही पेटू शकते आणि मशीनमध्ये मोटर आहे, स्विच आहेत. असा कपडा उघड्यावर, ज्योत आणि वायरिंगपासून लांब लटकवायचा, वास पूर्ण जाईपर्यंत. मग आधी हाताने धुवायचा. आमच्या कामावर जुनी माणसं ग्रीस काढायला पेट्रोलनेच कपडे चोळायची. मी शिकाऊ असताना मलाही तेच शिकवलं गेलं. मी ते सोडलं, आणि आता येणाऱ्या पोरांना चोळू देत नाही.

कुणी विचारतं, कामाच्याच कपड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, उद्या परत तेलच लागणार. ब्रिटनमधल्या कापूस गिरण्यांत म्यूल नावाच्या कातणयंत्रांवर माणसं काम करायची. चात्यांचं खनिज तेल उडून त्यांच्या पँटचा पुढचा भाग रोज भिजायचा, आणि वर्षानुवर्षांनी त्यांच्यात अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होऊ लागला. आजची शुद्ध केलेली तेलं तशी नाहीत, पण इंजिनात वापरलेल्या तेलात कर्करोग आणणारी संयुगं साठत जातात. तेलकट वेस्ट, म्हणजे हात-यंत्र पुसायचा सुताचा गुंता, खिशात खुपसून दिवसभर फिरणारे लोक मी रोज बघते. मांडीला तेल लागूनच असतं. त्यांना मी सांगते, खिशातून काढा, आणि पँट भिजली तर त्याच दिवशी बदला. या बाटलीसाठी मी वेळ घालवते तो त्या मांडीसाठी, डांगरी चकचकीत दिसावी म्हणून नव्हे.

वाळवण्याचं म्हणाल तर तेलकट कपड्यांसाठी आमच्या घरात ड्रायर बंद आहे. थेंब मुरला तरी. कुठल्याच धुण्यात शंभर टक्के तेल निघत नाही, म्हणून तारेवर, उघड्या हवेत, एकमेकांना न चिकटवता. ज्यांना ड्रायरशिवाय सोयच नाही त्यांनी थेंबाची परीक्षा झाल्याखेरीज टाकू नये, कार्यक्रम शेवटपर्यंत चालू द्यावा, भुगा अडवणारी जाळी आधी साफ करावी आणि निघालेले कपडे पसरावेत. टोपलीत कोंबू नयेत, बॅगेत तर नाहीच. आणि जवसाच्या तेलाचे कपडे मात्र कितीही धुतलेले असोत, ड्रायरमध्ये नाहीत.

किरकोळ एक: झाकण आडवं ठेवल्यावर गळतं. बाटली उभीच ठेवा.

कंपनीला मी पत्र लिहिलं आहे. ड्रायरची ओळ काढा आणि पेट्रोल-थिनरसमोर इशारा छापा, एवढ्या दोनच मागण्या. अजून उत्तर नाही. सोबत त्या तपकिरी कडं पडलेल्या फडक्याचा फोटो जोडला आहे. ते फडकं आईने टाकू दिलेलं नाही. वाळवून, काचेच्या बरणीत घालून, धुण्याच्या मशीनवरच्या फळीवर ठेवलं आहे.